बाकी

पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी फळ्यावर भागाकार मांडला:
त्रेसष्ट भागिले चार.
भाग पंधराचा गेला, बाकी तीन.

पंधरा गट आपोआप जमले,
त्यांचे डबे आधीपासूनच एकत्र उघडत होते.
उरलेले शेवटच्या टेबलाशी,
जिथल्या सॉकेटला हात लागला की झिणझिण्या येतात:
मी, राजिवड्याची सुमय्या होडेकर,
माणगावकडच्या कातकरवाडीतला चंदर हिलम,
आणि धोंडू झोरे,
ज्याच्या धनगरवाड्यावर एकाच खडकावर रेंज येते
आणि तिथे बहुतेक वेळा शेळी बसलेली असते.

सर वाईट नव्हते.
"तुझं मराठी छान आहे गं," मला म्हणाले.
घरी सांगितलं. आई कोलंबी सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग? आणि कसला असणार?"

सर असंही म्हणाले,
"तुमच्यासारख्यांना या क्षेत्रात आता खूप वाव आहे."
मी मनात मोजायला लागले.
आमच्याकडे वाव म्हणजे दोन्ही हात फैलावून
या बोटापासून त्या बोटापर्यंतची दोरी.
बाबा शिसं सोडून तशीच खोली मोजायचे:
चार वाव, पाच वाव, तळाला चिखल.
शेवटच्या टेबलाशी तिघांत दोन स्टुलं.
हात फैलावले असते तर
चंदरच्या डोळ्यात बोट गेलं असतं.

प्रोजेक्ट घेतला भाट्याच्या पुलाचा.
खाली सेन्सर लावायचा, पाण्यावर आवाज सोडायचा,
परत येईल तो ऐकायचा, मधला वेळ मोजायचा.
चंदरचा सोल्डर बघत राहावा असा,
भाताच्या दाण्याएवढा, चकचकीत.
कुठे शिकलास? तर म्हणाला,
खेकड्याच्या बिळात हात घातल्यावर
हात हलू द्यायचा नसतो.

आठवडाभर आकडे चुकत होते.
मधेच पाणी हातभर वर, मधेच पुन्हा खाली,
ना भरतीशी जुळेना, ना ओहोटीशी.
मी सगळा कोड तीनदा लिहिला.
धोंडू मात्र पुलाखाली जाऊन
राखणीला बसावं तसा दोन तास बसला
आणि येऊन म्हणाला, बगळा आहे.
खांबाच्या कठड्यावर येऊन उभा राहतो.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
त्यांनी बोर्ड उलटसुलट पाहिला.
"छान आहे," म्हणाले, "कोणाकडून करून घेतलंत?"

मी बोलणार होते. माझं मराठी छान आहे.
पण चंदरने हात पुढे केला
आणि एकेक वायर उपसायला लागला.
लाल. काळी. पिवळी. अकराच्या अकरा.
बोर्ड सोललेल्या माशासारखा उघडा.
मग कोणाकडेही न बघता पुन्हा जोडायला बसला.
पंखा कुरकुरत होता. धोंडूने घड्याळाकडे बघितलं.
मी चिमटा पुढे केला, त्याने घेतला.
शेवटची वायर बसली तेव्हा सेन्सरचं तोंड
योगायोगाने परीक्षकांकडे होतं.
पडद्यावर उमटलं: ८४ सेंटिमीटर.

ते हसले. थोडेसे.
पंचवीसपैकी सतरा दिले.
बगळ्याबद्दल एकाही प्रश्नाला जागा नव्हती,
त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यंत्र पुलाखाली तसंच आहे. सर काढा म्हणाले नाहीत,
आम्ही विचारलं नाही.
काल भांगेचं पाणी होतं, खाडीच्या तोंडाशी वाळू भरलेली.
बाबांचा फोन आला बोटीवरून,
खरखरीत, वाऱ्याने अर्धा खाल्लेला:
"आत येऊ? किती आहे पाणी?"
मी मोबाइलवर बघितलं, सेंटिमीटरचे वाव केले.
"थांबा. अजून तासभर."
एवढ्यात धोंडूचा मेसेज: खडकावरून दिसतोय आकडा,
शेळीला उठवलं.

"बरं," बाबा म्हणाले. "बाकी?"

"तीन," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, वावच सांगतेय.